ड्रॅगन गेले, हिशोब राहिला

गेले दोन महिने ऑफिसमध्ये एकच काम चालू आहे. मायग्रेशन. जुनी सिस्टिम नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायची. ऐकायला सोपं वाटतं, पण रोज मीटिंगमध्ये कुणीतरी कळवळून म्हणतंच, "पण हे आधी चालत होतं ना?" आणि दर वेळी मला हॅक्सोरस आठवतो.

हॅक्सोरस कोण? सांगतो. नमनाला घडाभर तेल नको, पण वाटीभर तरी लागणारच.

मागच्या शनिवारी आईच्या आग्रहाखातर माळा आवरायला घेतला. त्यात दहावीची एक वही सापडली. पुढून भूमितीची प्रमेयं आणि मागच्या पानावर सहा नावं: अझेल्फ, ड्रॅगनाइट, लॅटिऑस, हॅक्सोरस, मॅग्नेझोन, सिझर. मंडळी, ही माझी पोकेमॉनची टीम. माझी म्हणजे माझी आणि दादाची. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, तेव्हा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. २०१२ च्या दिवाळीच्या सुट्टीत, "दहावीचं वर्ष आहे, काही लाज?" ही बोलणी खात खात आम्ही दोघांनी ही टीम बांधली. जवळजवळ वर्षभर ती झकास चालली. आणि मग ऑक्टोबर २०१३ मध्ये नवीन जनरेशनचे गेम आले आणि काही आठवड्यांत तिचा पार निकाल लागला.

ती का मेली आणि तिच्यातलं काय वाचलं, ही आजची गोष्ट. त्यासाठी थोडा इतिहास बघावा लागेल.

आधी ज्यांच्यासाठी पोकेमॉन म्हणजे पिकाचू आणि लहानपणीचं कार्टून, त्यांच्यासाठी दोन मिनिटं. स्पर्धेतला पोकेमॉन हा पूर्ण वेगळा प्राणी आहे. प्रत्येकाकडे सहा पोकेमॉन, प्रत्येकाला चार मूव्ह. मैदानात एका वेळी एकेकच. (अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिप दोन विरुद्ध दोन अशी खेळतात, मी बोलतोय ते एकास एकबद्दल.) प्रत्येक टर्नला दोघंही आपली चाल गुपचूप ठरवतात: एकतर मूव्ह मारायची, नाहीतर मैदानातला पोकेमॉन बदलायचा. प्रत्येक पोकेमॉनला एक किंवा दोन टाइप असतात. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, असं ते चक्र. ज्याचे सहाही आडवे पडले तो हरला.

यातली कळीची गोष्ट अशी की बदलीची किंमत एक टर्न असते. तुम्ही बदली केलीत की त्या टर्नला तुमच्याकडून वार होत नाही. आत येणारा मात्र समोरचा वार खातो. बचाव करणारा खेळाडू म्हणतो, "मी योग्य माणूस आत आणून तुझा वार पचवतो आणि तब्येत भरून काढतो. बघू तू किती दमतोस." आक्रमक खेळाडू म्हणतो, "तू ज्या टर्नला बदली करतोयस ती टर्न माझी. त्या वेळात मी माझी ताकद वाढवतो. मग कर बचाव."

म्हणजे आक्रमक टीम ही ताकदीची टीम नसतेच. ती टर्नच्या हिशोबाची टीम असते. बुद्धिबळात प्यादं बळी देऊन दोन चाली कमावतात ना, तसंच. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागेल. मला तेव्हा ते कळलं नव्हतं.

तर इतिहास.

२७ फेब्रुवारी १९९६. जपानमध्ये गेम बॉयवर पोकेमॉन रेड आणि ग्रीन आले. १५१ पोकेमॉन, १५ टाइप. स्पर्धेचा विचार करून बनवलेला हा गेम नव्हता आणि ते दिसतं. क्रिटिकल हिट बसण्याची शक्यता पोकेमॉनच्या मूळ वेगावर ठरायची, त्यामुळे वेगवान टॉरोसचा साधारण दर पाचवा वार क्रिटिकल बसायचा. हायपर बीम मारल्यावर एक टर्न विश्रांती घ्यावी लागते, पण समोरचा त्याच वारात आडवा झाला तर ती विश्रांती माफ! भुताच्या मूव्ह सायकिक टाइपला भारी पडायला हव्या होत्या, पण कोडमधल्या चुकीमुळे त्यांचा परिणाम चक्क शून्य. (कुठल्याशा टेबलमध्ये एक आकडा चुकला असणार. आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी यावर हसू नये.) थोडक्यात, पहिल्या जनरेशनमध्ये आक्रमणाला सवलती होत्या.

१९९९ मध्ये गोल्ड आणि सिल्व्हर आले आणि या सवलती काढून घेतल्या गेल्या. क्रिटिकलचा वेगाशी संबंध संपला, हायपर बीमची माफी गेली. पोकेमॉनच्या हातात वस्तू देता येऊ लागली आणि सगळ्यांनी 'लेफ्टओव्हर्स' घेतलं, जे दर टर्नला एक सोळांश तब्येत भरून देतं. डार्क आणि स्टील हे दोन नवे टाइप आले. स्टील म्हणजे भिंत. लोखंड आणि पंख घेऊन जन्मलेला स्कार्मोरी याच जनरेशनचा. लढती लांबल्या, शंभर-शंभर टर्नच्या वर जाऊ लागल्या. टी-ट्वेंटी संपून अचानक टेस्ट मॅच सुरू व्हावी तसं झालं.

इथे एका बारक्या पात्राकडे लक्ष द्या. मॅग्नेटॉन. १९९६ मध्ये हा साधा इलेक्ट्रिक टाइप, तीन चुंबकं एकमेकांना चिकटलेली. १९९९ मध्ये त्याला स्टील टाइपही जोडला गेला. फरक फारसा पडला नाही. पण त्याची वेळ येणार होती.

२००२, रूबी आणि सॅफायर. ही जनरेशन म्हणजे खरं मायग्रेशन. आतली डेटाची रचनाच बदलली, त्यामुळे जुन्या गेममधले पोकेमॉन नव्यात नेता येत नव्हते. रस्ताच बंद. आधी प्रत्येक पोकेमॉनचे सगळे आकडे कमाल करता यायचे. आता एकूण ५१० गुणांची मर्यादा आली. म्हणजे वेग वाढवायचा तर बचावातून कापायचं. हे आक्रमणाच्या पथ्यावर पडलं. बचाव करणाऱ्याला सगळीकडे जाड राहणं परवडेना. शिवाय 'ड्रॅगन डान्स' आलं, ज्यात एका टर्नमध्ये हल्ला आणि वेग दोन्ही वाढतात. 'चॉइस बँड' आला, जो वार दीडपट करतो पण एकाच मूव्हमध्ये अडकवतो.

बचाववाल्यांचं उत्तर होतं स्कार्मोरी आणि ब्लिसी ही जोडी. अंगावर येणारे शारीरिक वार स्कार्मोरीने झेलायचे, लांबून येणारे स्पेशल वार ब्लिसीने. दोन पोकेमॉनमध्ये अख्ख्या जगाचा बचाव. आक्रमक खेळाडू डोकं आपटून घ्यायचे.

आणि इथे आपला मॅग्नेटॉन स्टेजवर येतो. या जनरेशनमध्ये प्रत्येक पोकेमॉनला एक उपजत गुण मिळाला. मॅग्नेटॉनला मिळाला 'मॅग्नेट पुल': समोर स्टील टाइप असेल तर त्याला मैदान सोडून जाता येत नाही. स्कार्मोरी आला की मॅग्नेटॉन आत आणायचा. स्कार्मोरी अडकला. दोन-तीन विजेचे झटके आणि खलास. भिंतीतली ती एक वीट गेली की मागचे शारीरिक हल्लेखोर सगळं झाडून काढायचे.

माझ्या मते आधुनिक आक्रमक टीमची खरी आयडिया इथेच पक्की झाली. सगळ्यांना हरवायचं नाही. तुमच्या हल्ल्याला अडवणारा एकच कोण ते शोधा, त्याला आधी काढा, मग मागून धावत सुटा.

सप्टेंबर २००६, डायमंड आणि पर्ल. आतापर्यंत वार शारीरिक की स्पेशल हे टाइपवरून ठरायचं. आग, पाणी, वीज स्पेशल; भूत, विष, दगड शारीरिक. आता ते प्रत्येक मूव्हचं स्वतंत्र ठरू लागलं. एका फटक्यात किती करिअर बनली आणि बिघडली बघा. गॅराडोस पाण्याचा, दणकट, शारीरिक ताकद १२५ आणि स्पेशल फक्त ६०. पण पाण्याच्या मूव्ह स्पेशल असल्यामुळे स्वतःच्याच टाइपचा त्याला उपयोग नव्हता. आता 'वॉटरफॉल' शारीरिक झालं आणि गडी मोकळा सुटला. गेंगारची गंमत उलटी. तो भूत, त्याची ताकद स्पेशल, पण भुताच्या मूव्ह शारीरिक. म्हणून बिचारा उसन्या 'आइस पंच'वर दिवस काढायचा. २००६ मध्ये 'शॅडो बॉल' स्पेशल झाला, घरचं शस्त्र मिळालं. पण त्याच दिवशी 'आइस पंच' शारीरिक झाला, उसनं शस्त्र गेलं. जे लोक जुना मूव्हसेट तसाच कॉपी-पेस्ट करून आले त्यांचा गेंगार बर्फाच्या ठोशाने समोरच्याला गुदगुल्या करत बसला असणार :)

याच जनरेशनमध्ये आलं 'स्टेल्थ रॉक'. एका टर्नमध्ये समोरच्या बाजूला दगड पेरायचे. मग तिकडे जो कोणी आत येईल त्याची साधारण साडेबारा टक्के तब्येत गेली. दगडाला कच्चा असेल तर पंचवीस, दुहेरी कच्चा असेल तर थेट पन्नास टक्के. आधीचे 'स्पाइक्स' उडणाऱ्यांना लागत नव्हते, हे सगळ्यांना लागायचे. टर्नच्या हिशोबात विचार करा: एक टर्न गुंतवली की पुढच्या प्रत्येक बदलीवर व्याज. त्यातून जन्माला आला बळी देण्याचा पहिला पोकेमॉन. अझेल्फसारखा वेगवान गडी पहिला पाठवायचा, दगड पेरायचे, 'एक्सप्लोजन' करून स्वतःला उडवून द्यायचं. सहातला एक गेला, पण दगड राहिले, आणि पुढचा हल्लेखोर फुकटात आत आला. याच वर्षी मॅग्नेटॉनला बढती मिळून तो मॅग्नेझोन झाला.

२०१०, ब्लॅक आणि व्हाइट. ही माझी जनरेशन. लढत सुरू होण्याआधी समोरच्याचे सहाही पोकेमॉन दिसू लागले. त्यामुळे आंधळा जुगार संपला आणि पहिल्या सेकंदापासून आखणी सुरू झाली. आणि ड्रॅगन टाइपचं राज्य आलं. कारण साधं होतं: ड्रॅगनच्या वाराला अडवणारा टाइप जगात एकच, स्टील. आणि स्टीलला अडकवणारा आपला जुना मित्र तयार बसलेला.

यावर अख्खी एक टीमपद्धत उभी राहिली. ड्रॅगन अधिक मॅग्नेझोन, म्हणून खेळाडू तिला 'ड्रॅगमॅग' म्हणायचे. आमची टीम तीच. अझेल्फने दगड पेरायचे. लॅटिऑसने 'ड्रेको मीटिओर' टाकायचा. वैतागून समोरचा स्टील आणणारच. आणला की मॅग्नेझोन. स्टील गेलं की ड्रॅगनाइट किंवा हॅक्सोरसने 'ड्रॅगन डान्स' करायचा आणि 'आउटरेज' सुरू. सिझर शेवटची झाडझूड करायला. हॅक्सोरसची हल्ल्याची ताकद १४७. तो सुटला की समोरच्याने चहा करायला जावं.

दादा रोज रात्री होस्टेलवरून फोन करायचा. अभ्यासाची चौकशी एक मिनिट, लढतींचं पोस्टमॉर्टेम अर्धा तास. आम्ही 'पोकेमॉन शोडाउन'वर खेळायचो. ब्राउझरमध्ये चालणारा हा फुकट सिम्युलेटर, ना महागडा कन्सोल हवा, ना कार्ट्रिज. घरच्या रडतखडत चालणाऱ्या ब्रॉडबँडवरही तो चालायचा. तो नसता तर पुण्यातल्या एका दहावीच्या पोराला हे जग कधी दिसलंच नसतं.

आणि मग १२ ऑक्टोबर २०१३. एक्स आणि वाय, जगभर एकाच दिवशी. मी अकरावीत. दादाची पहिली नोकरी नुकतीच लागलेली, बंगलोरला. फोन आठवड्यातून एकदा, कधी तोही नाही.

नव्या जनरेशनमध्ये आला नवा टाइप, फेअरी. परी! ड्रॅगनच्या वाराचा फेअरीवर परिणाम शून्य. कमी नाही, शून्य. वर फेअरीचा वार ड्रॅगनला दुप्पट. आणि ही नव्याने जन्मलेली पोरंसोरं नव्हती. क्लेफेबल, अझुमॅरिल, गार्डेव्हॉर असे जुनेजाणते पोकेमॉन एका रात्रीत फेअरी झाले. 'आउटरेज' एकदा सुरू केलं की दोन-तीन टर्न दुसरं काही निवडताच येत नाही, आणि हे समोरच्याला माहीत असतं. त्याने निवांत क्लेफेबल आत आणायची. वार शून्य, तिची आयती एन्ट्री, आणि हॅक्सोरस समोर मामा बनून उभा.

मॅग्नेझोन? तो स्टीलला अडकवतो, परीला नाही. त्यातही स्टील आणि भूत असा जोडटाइप असलेला एजिस्लॅश नवा आला होता आणि भुतांना आता कुणीच अडकवू शकत नव्हतं. म्हणजे चुंबकाची पकड लोखंडावरही पूर्वीसारखी राहिली नाही. दगडांचीही तीच कथा. 'डीफॉग' ही मूव्ह आधी फक्त समोरच्याच्या बाजूचे दगड साफ करायची, म्हणजे स्वतःसाठी बिनकामाची. आता ती दोन्ही बाजू साफ करू लागली. पूर्वी दगड काढायला 'रॅपिड स्पिन' लागायचं आणि ते भूत आणून अडवता यायचं. डीफॉगला भूत अडवू शकत नव्हतं. म्हणजे अझेल्फ जीव देऊन जे पेरायचा ते समोरचा एका टर्नमध्ये झाडून टाकायचा. बळी फुकट. त्यात 'ड्रेको मीटिओर'ची ताकद १४० वरून १३० झाली, क्रिटिकल दुपटीवरून दीडपटीवर आला. चारही बाजूंनी.

मी काय केलं? काहीच नाही. तीच टीम तशीच खेळत राहिलो. हरलो की आकडे थोडे इकडेतिकडे. हॅक्सोरसला 'आउटरेज'ऐवजी दुसरी मूव्ह. तरी हरलो. मग हॅक्सोरसला विषाची मूव्ह, फेअरीसाठी म्हणून. परी येणार या भीतीने मी विष मारायचो आणि समोर भलताच कोणीतरी यायचा. रँकिंग घसरत घसरत अशा ठिकाणी गेलं की नवशिके पण हरवायला लागले. डिसेंबरात मी वही माळ्यावर टाकली.

खरं सांगायचं तर टीम बदलणं मला जमत नव्हतं असं नाही. मला ती बदलायची नव्हती. ती बदलली की दादाबरोबरची दिवाळी संपली, असं काहीतरी डोक्यात होतं. सोळाव्या वर्षी हे असं स्पष्ट कुठे कळतं? तेव्हा फक्त राग यायचा. परीचा, गेम बनवणाऱ्यांचा, आणि फोन न करणाऱ्या दादाचा.

नाताळच्या सुट्टीत दादा घरी आला. मी तक्रारींचा पाढा वाचला. त्याने लॅपटॉप ओढला, दोन लढती बघितल्या आणि म्हणाला, "अरे, तू ड्रॅगन वाचवतोयस. कशाला?"

"दादा, आपली टीम आहे ती."

"टीम कसली आपली? पोकेमॉन कंपनीचे. आपला फक्त हिशोब होता. तो आण की पुढे."

मग त्याने वहीचं नवं पान काढलं आणि एकच प्रश्न लिहिला: आत्ता कुठला वार अडवणारे सगळ्यात कमी आहेत?

उत्तर होतं, पक्षी. टॅलनफ्लेम नावाचा आगीचा ससाणा या जनरेशनमध्ये नवा होता. 'गेल विंग्ज' या गुणामुळे त्याच्या उडत्या मूव्ह समोरच्याच्या आधी लागायच्या, वेग कितीही असो. दुसरा मेगा पिन्सिर. मेगा झाला की पंख फुटायचे आणि साधा 'क्विक अटॅक'सुद्धा उडता वार व्हायचा. उडत्या वाराला अडवतं कोण? दगड, वीज आणि स्टील. दगड-विजेवाल्यांनी पहिल्या पक्ष्याचे दोन-तीन वार झेलले की दुसऱ्यापुरता जीव उरत नाही. राहिला स्टील, आणि त्यातला सगळ्यात त्रासदायक कोण? स्कार्मोरी! तोच तो १९९९ चा. आणि त्याला काढणारा कोण? मॅग्नेझोन!

मला हसूच आलं. ड्रॅगमॅगच होतं ते. फक्त ड्रॅगन नव्हते.

ही आयडिया आमची एकट्याची नव्हती, हे नंतर कळलं. तेव्हा जगभरचे खेळाडू अशाच टीम बांधत होते, 'बर्डस्पॅम' नावाने. पण शोध आपण लावल्याचा तो आनंद मी कुणाला परत देणार नाही.

बाकीच्या जागा हिशोबाने भरल्या. टॅलनफ्लेम दगडाला दुहेरी कच्चा, आत आला की अर्धा खलास. म्हणजे पूर्वी आम्ही फक्त पेरायचो, आता स्वतःचं अंगण झाडणंही भाग होतं. ते काम दिलं लॅटिऑसला. काल उल्का पाडणारा ड्रॅगन आज हातात झाडू घेऊन डीफॉग करू लागला, आणि खरं सांगतो, त्या कामात तो जास्त उपयोगी होता. सिझरच्या जागी आला बिशार्प. त्याचा गुण 'डिफायंट': समोरच्याने त्याचा कुठलाही आकडा कमी केला की त्याचा हल्ला दुप्पट. डीफॉग मारलं की एक छोटा आकडा कमी होतोच. म्हणजे समोरच्याने दगड झाडले आणि बिशार्प मैदानात असला तर तो दुप्पट ताकदीने उभा. जी मूव्ह आमचा काळ बनून आली होती तीच आता समोरच्याला मारताना दहादा विचार करावा लागू लागला. दगड पेरायला अझेल्फऐवजी दणकट लँडोरस, जो पेरूनही जिवंत राहतो आणि समोरच्याने झाडले तर परत पेरतो. कारण झाडणं स्वस्त झालेल्या जगात एकदाच पेरून मरणं परवडत नाही.

मोजा आता. सहापैकी चार बदलले, एकाचं काम बदललं, एकटा मॅग्नेझोन जसाच्या तसा. आणि तरी टीम तीच होती. फेब्रुवारीपर्यंत माझं रँकिंग जुन्या टीमच्या वर गेलं.

हॅक्सोरसला जागा नव्हती. तो वाईट झाला नव्हता, त्याची १४७ ची ताकद १४७ च होती. त्याच्या भोवतीचं जग बदललं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. २०१६ मध्ये सन आणि मून आले आणि टॅलनफ्लेमचे पंख छाटले. 'गेल विंग्ज' आता तब्येत पूर्ण भरलेली असेल तरच चालणार. दगडाने अर्धी तब्येत जाणाऱ्या पक्ष्याला ही अट म्हणजे थट्टाच. पक्षी गेले. २०१९ मध्ये स्वोर्ड आणि शील्ड आले तेव्हा सगळे जुने पोकेमॉन नव्या गेममध्ये आलेच नाहीत. वर 'हेव्ही-ड्यूटी बूट्स' नावाची वस्तू आली. बूट घातले की दगड-काटे काही लागत नाही. 'हिडन पॉवर' ही मूव्ह काढून टाकली, जिच्या आगीने मॅग्नेझोन फेरोथॉर्नला जाळायचा. मग काय केलं लोकांनी? मॅग्नेझोनला 'आयर्न डिफेन्स' आणि 'बॉडी प्रेस' दिलं. अडकवलेल्या स्टीलसमोर बसून आधी स्वतःचा बचाव वाढवायचा आणि मग त्याच बचावाच्या जोरावर धडक द्यायची. हत्यार गेलं, काम तेच.

२०२२ मध्ये स्कार्लेट आणि व्हायलेट आले. पोकेमॉन लढतीच्या मध्यात टाइपच बदलू शकतो, म्हणजे अडकलेला स्टील ऐन वेळी स्टील न राहता निसटू शकतो. दुसरीकडे घोल्डेंगो आला, ज्याच्यासमोर डीफॉग चालतच नाही आणि स्वतः भूत असल्याने रॅपिड स्पिनही नाही. दगड-काटे पेरणाऱ्यांचे दिवस परत आले. २०१३ ला जे हिरावून घेतलं होतं ते नऊ वर्षांनी दुसऱ्या दाराने परत मिळालं.

या सगळ्याकडे बघताना मला एक जाणवतं. दर जनरेशनला दोन प्रकारचे लोक हरतात. एक, जे जुनी टीम तशीच घेऊन येतात. दुसरे, जे सगळं जुनं टाकून नवीन चकचकीत सहा गोळा करतात. पहिल्यांना वाटतं टीम म्हणजे ते सहा. दुसऱ्यांना वाटतं मागचं सगळं वाया गेलं. जिंकतात ते, जे विचारतात: यातला प्रत्येक जण कशासाठी होता? कुठली टर्न कमवून देत होता? ते काम अजून आहे का? असेल तर आता ते स्वस्तात कोण करतं?

ऑफिसच्या मायग्रेशनला हे जसंच्या तसं लागू होतं असं मी म्हणणार नाही. (मॅनेजर वाचत असतील तर नमस्कार.) पण सोमवारी कुणीतरी परत म्हणेल, "हे आधी चालत होतं." तेव्हा चिडण्याऐवजी मी विचारणार आहे, "हे नक्की काय काम करत होतं?" बघू. आणि ज्याने सहा वर्षं रात्री जागून तो कोड जिवंत ठेवला, त्याला तो टाकताना वाईट वाटणारच. त्यालाही एकदा समजून घ्यायला हवं. मी त्याच्या जागी बसून आलोय.

वहीच्या त्या पानाचा फोटो काढून दादाला पाठवला. तो आता जर्मनीत असतो, दोन मुलांचा बाप. दोन दिवस उत्तर नाही. (काही गोष्टी कुठल्याच जनरेशनमध्ये बदलत नाहीत.) काल रात्री मेसेज आला. मला वाटलं हॅक्सोरसबद्दल काही हळवं लिहिलं असेल.

एकच ओळ होती: "मॅग्नेझोन चालतो का रे अजून?"

मी लिहिलं, "चालतो. एक सीट रिकामी आहे, येतोस का?"

शनिवारी रात्री साडेनऊला बसतोय आम्ही. त्याची पोरं झोपली तर.

असो. आज इतकंच. चूभूद्याघ्या.